कुमुद सोमकुवर ते कुमुद पावडे : ‘अंतःस्फोट’मधील आत्मभान

गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. आठव्या शतकातील या नाटककाराच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात शंबूकाचा प्रसंग येतो. तप करणाऱ्या शूद्रावर शस्त्र उचलताना भवभूतीचा राम अडखळतो. परंतु वध टळत नाही. त्यानंतर शंबूक दिव्य पुरुषाच्या रूपात रामासमोर उभा राहतो. त्याच्या तपाला मान्यता मिळते ती शूद्रदेह गेल्यानंतर. ज्ञानाचा अधिकार जन्माशी असा बांधणाऱ्या परंपरेची भाषा विसाव्या शतकात नागपूरच्या एका महार मुलीने आत्मसात केली, तेव्हा काय घडले? कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या पुस्तकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

‘अंतःस्फोट’ हे सलग आत्मचरित्र नाही. ते आत्मपर आणि वैचारिक लेखांचे पुस्तक आहे. ‘बलुतं’ (१९७८) नंतर आणि बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) पूर्वी ते प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनांची चर्चा करताना भूक, वस्ती आणि बोली यांवर भर दिला जातो. येथील संघर्षाचे क्षेत्र मात्र शाळा, विद्यापीठ आणि नोकरी हे आहे. त्यामुळे दलित आत्मकथनाच्या रूढ चौकटीत हे पुस्तक सहजी बसत नाही.

संस्कृतच्या अध्ययनाची हकिकत सांगणारा लेख या दृष्टीने मध्यवर्ती ठरतो. मुंजीच्या प्रसंगी कानी पडलेल्या मंत्रांचे आकर्षण आणि तेथून हुसकावले जाण्याचा अपमान, या दोन अनुभवांतून संस्कृतविषयीची ओढ आकार घेते. शाळेतील गोखले गुरुजी सनातनी वळणाचे. ते आपल्याला शिकवतील का, ही धास्ती मुलीच्या मनात आहे. परंतु गुरुजी तिला आपुलकीने शिकवतात. विद्यापीठात मात्र विद्वत्ता आणि पूर्वग्रह एकत्र नांदताना दिसतात. व्यक्तीच्या बाह्य आचारावरून तिची वृत्ती ठरविता येत नाही, हा अनुभव लेखिका प्रामाणिकपणे नोंदविते. त्यामुळे तिच्या निषेधाला सरसकटपणा येत नाही.

या कथनातून लेखिकेच्या राजकीय धारणेतील स्थित्यंतरही व्यक्त होते. गुणवत्ता सिद्ध झाली की जात आड येणार नाही, ही स्वातंत्र्योत्तर काळातील श्रद्धा आरंभी तिच्या ठायी आहे. संस्कृतची एम. ए. पदवी उत्तम यशासह मिळते, कौतुक होते. नोकरी मिळत नाही. जगजीवनराम यांना लिहिलेल्या पत्रामुळे प्रकरण पंडित नेहरूंपर्यंत जाते. पारितोषिक आणि आश्वासन लाभते. तरीही पद लांबच राहते. पुढे आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे हे येते, आणि त्यानंतर काही महिन्यांतच शासकीय महाविद्यालयातील अध्यापकपद मिळते. पदवी तीच, व्यक्ती तीच. बदलले ते केवळ आडनाव. राज्यसंस्थेच्या सदिच्छेवरील भाबडा विश्वास येथे ढळतो. गुणवत्तेचे मोजमापही जातिनिरपेक्ष नसते, या निष्कर्षाप्रत लेखिका येते.

या ठिकाणी शंबूकाची आठवण अपरिहार्य होते. त्याला मान्यता मिळाली ती देह गेल्यावर. हिला मिळाली ती माहेरचे नाव गेल्यावर. लेखिकेच्या उपरोधाचे मूळ येथे आहे. संस्कृतपंडिता म्हणून होणारा सत्कार तिला सुखावत नाही; कारण सत्काराला पद मिळविणारी पावडे दिसते आणि ज्ञान मिळविणारी सोमकुवर अदृश्य राहते.

नामांतराचे आणखी एक उदाहरण या काळाच्या पार्श्वभूमीवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. ते नाव समूहाने जाणीवपूर्वक निवडलेले होते; त्यात पूर्वीच्या दास्याचा नकार होता. विवाहाने आलेल्या नावाचे स्वरूप वेगळे आहे. विवाह हा लेखिकेचा स्वतःचा निर्णय होता. मात्र त्या नावामागील उच्च जातीची प्रतिष्ठा व्यवस्थेने परस्पर तिच्या खाती जमा केली. शिवाय विवाहाने आडनाव बदलणे ही स्त्रीच्या बाबतीतील रूढी आहे. दलित पुरुषाला ही वाट उपलब्ध नसते. स्त्रीचे नाव पतीच्या नावात विलीन करणारी पुरुषप्रधानता आणि आडनावावरून योग्यता ठरविणारी जातिव्यवस्था या दोन्ही एकाच घटनेत उघड होतात. पुढील काळात दलित स्त्रियांच्या स्वतंत्र प्रश्नांची जी मांडणी पावडे यांनी केली, तिचे बीज या अनुभवात आढळते.

‘अंतःस्फोट’च्या मुखपृष्ठावर नाव आहे ते कुमुद पावडे यांचे, आतील निवेदन मात्र श्रेयाचा वाटा सोमकुवरांना परत मिळवून देते. व्यवस्थेने ज्या नावाला पद नाकारले त्या नावाला साहित्यात स्थान देणे, हे या लेखनाचे प्रयोजन मानता येईल. म्हणूनच हे पुस्तक अभ्यासताना एका विदुषीची यशोगाथा म्हणून त्याचा गौरव करणे पुरेसे नाही. तसे केल्यास ज्या सत्काराविषयी लेखिकेने आपली अस्वस्थता व्यक्त केली, त्याच सत्काराची पुनरावृत्ती अभ्यासकाकडून होईल.