सरोवराची नोंदवही

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर जगप्रसिद्ध आहे. फार प्राचीन काळी एक प्रचंड अशनी येथील काळ्या कातळावर आदळला व विशाल विवर निर्माण झाले. त्यात साठलेले पाणी खारट आहे. पावसाने आणि झऱ्यांनी ते वाढते, उन्हाने आटते.

२०२० सालच्या जून महिन्यात हे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे विशिष्ट सूक्ष्म जीवांची वाढ झाली होती आणि हा रंग त्यांचाच होता. पुढे पाऊस पडला व रंग ओसरला. एवढ्यावरून तेथील हवामान बदलले, असे म्हणता येईल काय? नाही. हवामान म्हणजे अनेक वर्षांचा अनुभव. एका वर्षाची घटना ही त्यातील केवळ एक नोंद होय.

दीर्घकाळच्या नोंदींचे मोल जपानमधील सुवा सरोवरावरून कळते. कडाक्याच्या हिवाळ्यात हे सरोवर गोठते आणि बर्फाला तडे जाऊन उंचवटे उठतात. देव त्या वाटेने देवीच्या भेटीस जातो, अशी तेथील श्रद्धा आहे. म्हणून सरोवर केव्हा गोठले, याची नोंद पुजारी १४४३ सालापासून ठेवीत आले. शास्त्रज्ञांनी त्या नोंदी अभ्यासल्या. पहिल्या सुमारे २५० वर्षांत सरोवर न गोठलेले हिवाळे केवळ ३ होते. २००५ ते २०१४ या १० वर्षांतच ते ५ झाले. तुलना करताना काळ सारखा घ्यावा. पूर्वी १०० वर्षांत असा हिवाळा एखादाच येई. आता १० वर्षांत ५ आले. यालाच हवामानाचा कल म्हणतात.

लोणारचे पाणी गोठत नाही. परंतु त्याची पातळी मोजता येते. दर हिवाळ्यात त्याच तारखेस, त्याच खुणेपाशी मोजलेली पातळी आणि त्या वर्षीचा पाऊस शेजारी शेजारी लिहावा. एखादे वर्ष चुकल्यास अंदाजाने आकडा भरू नये. जागा रिकामी ठेवावी.

अशा नोंदींचे फळ लिहिणाऱ्यास लाभेलच असे नाही. सुवाच्या पहिल्या पुजाऱ्यासही ते लाभले नाही. तरी त्याने लिहिले, म्हणून आज जगाला कळले.

स्वाध्याय
१. गुलाबी पाण्याच्या एका घटनेवरून हवामानाचा कल का ठरविता येत नाही?
२. गावातील विहिरीच्या पातळीची नोंद ठेवण्यासाठी तक्ता आखा.