वेबसाइट हलवणाऱ्या भाचीस

संस्थेच्या सगळ्या साइट्स नव्या सीएमएसवर न्यायचं काम तुझ्याकडे आलं, हे कळल्यावर फार बरं वाटलं गो. आता वर्डप्रेस घ्यायचं की ड्रुपल, यावर मीटिंगा झडतील. झडू देत. तू तोवर मोजणीला बस.

शाळेची, कॉलेजची, वाचनालयाची साइट सगळ्यांना ठाऊक असते. पण अमृतमहोत्सवासाठी कुणीतरी वेगळी काढलेली, वसतिगृहाच्या प्रवेशासाठी एका मे महिन्यात घाईने उभी केलेली, माजी विद्यार्थ्यांची, अशा साइट्स जुन्याच आवृत्त्यांवर कोपऱ्यात पडून असतात आणि चोर नेमका तिथूनच शिरतो. ड्रुपल ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ५ जानेवारी २०२५ ला थांबलं. जुमला ३ चं त्याआधी, ऑगस्ट २०२३ मध्ये. म्हणून एक तक्ता कर: पानाचा पूर्ण पत्ता, शेवटचा बदल कधी झाला, आणि ते पान कोणाचं. तिसऱ्या रकान्यात ‘ऑफिस’ किंवा ‘कॉम्प्युटर विभाग’ असं कुणालाही लिहू देऊ नकोस. तिथे माणसाचं नाव हवं. ज्या पानाला नाव मिळत नाही, ते सहा महिन्यांत शिळं होतं.

या मोजणीत पुष्कळ कचरा निघेल. मुदत संपलेल्या निविदा, दोनदा चढवलेले फोटो खुशाल टाकून दे. वार्षिक अहवाल, गुणवत्ता याद्या आणि देणगीदारांची नावं मात्र कितीही जुनी असली तरी ने. आपला माणूस मुंबईला, पुण्याला, कुठे कुठे गेलेला आहे, आणि तो रात्री फोनवर आजोबांचं नाव शोधत याच पानांवर येतो. आपल्या रत्नागिरीतलं नगर वाचनालय १८२८ सालचं. ज्या गावाला एवढ्या जुन्या कागदांची सवय आहे, तिथे ‘जुनं कोण बघतं’ असं म्हणायचं नाही.

आपल्या जिल्ह्याची सरकारी साइट हलली, ती नीट बघून ठेव. पूर्वी तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘एनआयसी डॉट इन’ असायचं, आता ‘जीओव्ही डॉट इन’ आहे, आणि ती एनआयसीच्या ‘एसथ्रीवास’ या सामायिक व्यवस्थेवर चालते. देशभरातल्या जिल्ह्यांच्या साइट्स याच व्यवस्थेवर गेल्या, त्यामुळे त्यांचे साचे ठरलेले असतात. रत्नागिरीचं पान उघड नाहीतर सिंधुदुर्गचं, मेनू ओळखीचा वाटतो. यातून घेण्यासारखं एवढंच, की साचा एकदा ठरला की रंगांवरची भांडणं मिटतात आणि मजकुराकडे बघायला वेळ मिळतो. आपल्या संस्थेतही शाळा-कॉलेजांना वेगवेगळं रूप देत बसू नकोस. एकच साचा, वर प्रत्येकाचं नाव आणि बोधचिन्ह. प्राचार्य रुसले तर रुसू देत.

पण पत्ता बदलला की दुसरा प्रश्न येतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच. जुना पत्ता माहितीपुस्तिकेवर छापलेला असतो, कुणाच्या व्हॉट्सअॅपमध्ये पडलेला असतो, लांज्याच्या एखाद्या शाळेच्या फलकावर चिकटवलेला असतो. कॉलेजच्या बाबतीत तर नॅकला दिलेल्या अहवालात शेकडो दुवे असतात आणि तपासणारे ते उघडून बघतात. साइट नवी आणि दुवे मेलेले असले, तर केलेलं कामही न केल्यासारखं दिसतं. म्हणून तक्त्यात चौथा रकाना काढ: नवा पत्ता. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नेमक्या त्याच नव्या पानावर माणूस गेला पाहिजे. त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. ठेकेदार सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवून ‘झालं’ म्हणेल, ते मानू नकोस. निकालाचा दुवा दाबणाऱ्याला संस्थापकांचा फोटो दाखवणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणंच आहे. नव्या पानांचे पत्ते इंग्रजी अक्षरांत, आखूड ठेव. मराठी पत्त्याची पुढे पाठवताना टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते.

आता मजकूर. इथे घाई केलीस तर पुढची पाच वर्षं निस्तरत बसशील.

जुन्या साइट्सवरचं मराठी पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतं. श्रीलिपी, योगेश, शिवाजी, किरण, जो फॉन्ट त्या टायपिस्टच्या हाताखाली होता त्यात ते असतं. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले, म्हणजे फाइलच्या पोटात निव्वळ इंग्रजी अक्षरं. फॉन्ट काढला की मजकुराचा काला होतो, आणि गूगलला तर त्यातलं एक अक्षरही सापडत नाही. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपल्या ऑफिसांत ते पोचायला फार वर्षं लागली. रूपांतराची साधनं मिळतात, ती वापर, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. साधन इथेच अडखळतं.

एक कानमंत्र लिहून ठेव. रूपांतरानंतर हे शब्द शोधून बघायचे: मिऱ्या, पऱ्या, किनाऱ्यावर, आचाऱ्यांना, वाङ्मय, विद्यार्थ्यांची, ज्ञानेश्वर. मिऱ्याचं ‘मिर्या’ झालं तर गावाचं नाव गेलं. आचाऱ्यांना द्यायच्या सूचना आचार्यांना गेल्या तर कॉलेजभर हसं होईल. वाङ्मय मंडळाचं ‘वाड्मय मंडळ’ झालेलं तर मी ठिकठिकाणी पाहिलं आहे. शिवाय हा अर्धा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिला जातो. दिसायला सारखा, पोटात वेगळा. एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं की हमखास मिळेलच असं नाही. ‘ॲ’चंही तसंच, त्याला स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये मिळालं, त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला. एक रीत ठरव आणि सगळीकडे तीच लाव. आकड्यांचंही ठरव, देवनागरी की इंग्रजी. मग छापून काढ आणि मराठीच्या बाईंना लाल पेन देऊन बसव. पडद्यावर न दिसणारी चूक कागदावर दिसते. त्यांच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धर, ही फुकट करून घ्यायची गोष्ट नाही.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं काय करायचं हेही आत्ताच ठरव. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला की काम संपलं असं ऑफिसात सर्रास समजतात. ज्या मुलाला दिसत नाही, त्याचा फोन पान वाचून दाखवतो, पण स्कॅन हे त्या फोनच्या लेखी नुसतं चित्र असतं. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख त्या चित्रात अडकून राहते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं तर २००९ पासून आहेत. पण कायद्याचं सोड, तो मुलगा आपल्याच वर्गात बसतो. सूचना पानावर अक्षरांत लिही, स्कॅन खाली जोड. राजापूरच्या आतल्या गावात रेंजचा एखादाच दांडा असतो, तिथेही चार ओळी उघडतात, आठ एमबीचं चित्र उघडत नाही.

डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघ. पुष्कळ संस्थांचं डोमेन कधीकाळच्या ठेकेदाराच्या खाजगी ईमेलवर असतं, आणि तो फोन उचलत नाही. ‘एसी डॉट इन’ असेल तर नोंदणी अर्नेटकडे, तिथे संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लागतं आणि वेळ जातो. पासवर्ड पदाच्या ईमेलवर ठेव, व्यक्तीच्या नको. नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएनएसच्या सगळ्या नोंदी उतरवून घे, विशेषतः एमएक्स. ती नोंद राहिली की साइट छान उघडते आणि ईमेल बंद पडलेली असते. हे कळतं तेव्हा विद्यापीठाचं पत्र येऊन परत गेलेलं असतं.

मुहूर्त जूनचा नको. दहावी-बारावीनंतरचे प्रवेश आणि वीज जाणं हे एकदम येतं. गणपतीतही नको, ऑफिसात माणूस मिळत नाही. दिवाळीनंतरचा एखादा मंगळवार धर, म्हणजे काही बिघडलं तर पुढे आठवडा मोकळा. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल पाच मिनिटांवर आण, म्हणजे बदल लवकर पोचेल.

बॅकअपच्या तीन प्रती. त्यातली एक घाटावर, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचे कागद आणि कॉम्प्युटर एकत्रच गेले. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती ही एकच प्रत समज. आणि बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. उघडून न बघितलेला बॅकअप मोजणीत धरू नकोस.

लिपिकांना शिकवताना ठेकेदाराचं सादरीकरण दाखवू नकोस. प्रत्येकाला त्याचीच एक खरी सूचना स्वतःच्या हाताने चढवायला लाव, चुकीची चढवायला लाव, मग परत काढायला लाव. ‘मोडेल’ ही भीती गेली की तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्यातली नावं खरी होतात.

जुन्या होस्टिंगचं भाडं आणखी एक वर्ष भरायचं, हे कार्यकारिणीकडून आत्ताच मंजूर करून घे. पहिला महिनाभर रोज सकाळी ‘पान सापडलं नाही’च्या नोंदी बघ आणि दुपारपर्यंत त्या पत्त्यांना वाट काढून दे.