दाखला मागून येऊ दे, मूल वर्गात बसू दे

मे महिना सरत आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाला फी झेपत नाही म्हणून मूल इंग्रजी शाळेतून काढायचं असतं, कुणी पुण्या-मुंबईचं बिऱ्हाड मोडून गावी परतलेलं असतं. प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच सांगते. जुन्या शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका, एक दिवससुद्धा नको. हे आम्हाला वेळेत सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि त्याची किंमत माझ्या लेकीने मोजली.

२०२२ सालची गोष्ट. यांची बदली साताऱ्याहून सांगलीला झाली. लेक सातवी होऊन आठवीत जाणार होती. साताऱ्यात ती एका खासगी विनाअनुदानित शाळेत होती आणि लॉकडाऊनच्या काळातल्या फीवरून त्या शाळेचा पालकांशी वाद चालू होता. बस एकदाही दारात आली नाही, तरी बसचे पैसे मागितले जात होते. आधी सगळी बाकी भरा, मग दाखला, एवढंच उत्तर मिळायचं. इकडे सांगलीत जी अनुदानित शाळा आम्ही पक्की केली होती, तिथल्या ऑफिसात सांगितलं, ‘दाखला घेऊन या, मग नाव घालू.’ दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या जागी ठाम होती. आम्ही कराडवरून साताऱ्याला आणि पुन्हा परत अशा एसटीच्या फेऱ्या मारत राहिलो.

१५ जूनला शाळा भरल्या. लेकीने नव्या वह्यांना खाकी कव्हरं घालून लेबलंही चिकटवली होती. नाव लिहिलं, इयत्ता आठवी लिहिलं, शाळेची आणि तुकडीची ओळ मात्र कोरीच ठेवली. आदली दोन वर्षं मोबाइलच्या पडद्यासमोर काढलेलं पोर होतं ते. खऱ्या वर्गात पूर्ण वर्ष बसायला मिळणार म्हणून ती दिवस मोजत होती. समोरच्या बिल्डिंगमधल्या मुली रेनकोट घालून सायकलवरून जायला लागल्या, तसं तिने सकाळी गॅलरीत यायचं सोडून दिलं.

दाखला हातात आला तेव्हा जुलै उजाडला होता. उशिरा आलेल्या मुलाचं नेमकं काय बुडतं, हे बाहेरून कळत नाही. हजेरीचे दिवस तर जातातच, पण त्याच दिवसांत वर्ग जमत असतो. कोण कुणाशेजारी बसणार, डबा कुणाबरोबर खायचा, मॉनिटर कोण, हे सगळं पहिल्या पंधरवड्यात ठरून जातं. लेकीला शेवटच्या बाकावर जागा मिळाली, कारण रिकामी जागा तिथेच होती. गणिताचा पहिला धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा, तो होऊन गेलेला. संख्यारेषेवर दोनचं वर्गमूळ दाखवायचं, तर एकक बाजूचा काटकोन त्रिकोण काढून कर्णाएवढं अंतर कंपासने रेषेवर उतरवतात. सरांनी ते फळ्यावर रचून दाखवलं होतं. हिला फक्त उत्तराची आकृती मिळाली. पहिल्या घटक चाचणीत ती आकृती तिने पाठ करून काढली आणि कंपासचं टोक भलत्याच बिंदूवर ठेवलं. पेपर घरी आणून दाखवताना ती म्हणाली, ‘आई, मला येत नाही असं नाही, मी तेव्हा नव्हते.’

आता मुद्द्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं पाचवं कलम अगदी स्पष्ट आहे. सहा ते चौदा वयाच्या, पहिली ते आठवीच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला त्या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, ते चौदाव्या कलमात आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क मात्र हे पाचवं कलम देत नाही, हे आधीच समजून घ्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानेही दाखल्यावाचून सरकारी आणि अनुदानित शाळांत दहावीपर्यंत प्रवेश द्यायला सांगितलं होतं, कारण फीच्या बाकीपायी दाखले अडकल्याच्या तक्रारी राज्यभरातून येत होत्या. आम्ही फेऱ्या मारत होतो तेव्हा हा निर्णय होऊन वर्ष लोटलं होतं.

म्हणून अर्ज लेखी करा. जुन्या शाळेत दाखल्यासाठी एक, नव्या शाळेत प्रवेशासाठी एक. प्रत्येकाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. तोंडी बोलण्याला उत्तर तोंडीच मिळतं, आणि उद्या ते कुणी बोललंच नव्हतं असं होतं. तरीही नकार आला, तर प्राथमिकसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकारी आहेत. पोच असलेला अर्ज समोर ठेवला की तिथलं बोलणं लवकर संपतं. फीचा वाद असेल तो असू दे. तो मोठ्यांचा आहे, तो वेगळा चालवा, हप्ते मागायचे असतील तर तेही लेखी मागा. त्यात मुलाचा जून तारण ठेवू देऊ नका.

आमच्या भागात ही अडचण आमच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसणारी माणसं आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. मुलं तिकडेच शाळेत जातात आणि मध्येच कधीतरी आजी-आजोबांकडे परत येतात. परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही मागतात. ती आणायला बापाला हजार किलोमीटर जावं लागलं, तर पोरगं तोवर घरी. शेजारच्या एका वहिनींचा मुलगा असाच तमिळनाडूतून आला होता. त्याला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला दोन इयत्ता खाली बसवायचं घाटत होतं. कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेल्या विषयांचं वेगळं शिक्षण द्यायला हवं. जतकडून ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. निघण्याआधी ते शाळेतून मागून घ्यायचं आणि ज्या गावी कोपी, म्हणजे राहायची झोपडी, पडेल तिथल्या शाळेत दाखवायचं.

आम्ही तर साताऱ्याहून आलेली माणसं. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. जून नव्हता, नोव्हेंबर होता. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९२४ पासून जातपात न बघता गरिबांची पोरं वसतिगृहात सांभाळली, तिथे एका कागदासाठी मूल उंबऱ्याबाहेर उभं राहावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शाळेच्या रजिस्टरातली नोंद माणसाला आयुष्यभर पुरते, म्हणून दाखला मिळताच तो पिशवीत घालू नका. तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, जात आणि पोटजात, जनरल रजिस्टर नंबर, आधारशी जुळणारी अक्षरं, सगळं तपासा. आमच्या दाखल्यावर माझंच नाव चुकीचं होतं आणि त्यासाठी साताऱ्याची आणखी एक फेरी पडली. शाळेच्या पटावर नाव आहे तोवर दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते. शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक उतरली की नोकरीपासून जात पडताळणीपर्यंत सगळीकडे खुलासे देत बसावं लागतं. हे काम निकालाच्या दिवशी, एप्रिल-मेमध्येच उरका. जूनच्या मध्यावर ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.

आणि मूल उशिरा वर्गात गेलंच, तर पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटून कुठले धडे बुडाले ते नावानिशी विचारा. वह्यांचे फोटो मागवून मुलाच्या हातात देऊ नका. आमच्या लेकीला गणिताच्या सरांनी दुसऱ्या बाकावर एका मुलीशेजारी बसवलं आणि मधल्या सुट्टीत त्या दोघींना फळा वापरायची परवानगी दिली. दोनचं वर्गमूळ तिने तिथे स्वतः काढलं, मग तीनचंही काढलं. गणपतीच्या सुट्टीत ती मैत्रीण आरतीला आमच्याकडे आली होती.