कृष्णेचे पाणी आणि आपले आरोग्य

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा तिला मिळते. वाटेत गावोगावचे सांडपाणीही तिच्यात उतरते. सांगलीचा शेरी नाला त्यासाठीच वर्षानुवर्षे गाजतो आहे. आणि आपण पिण्याचे पाणीही याच नदीतून उचलतो.

नदीत मासे का मरतात? सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. माशांना तो उरत नाही. मळीमिश्रित पाणी सोडले तरी हेच घडते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की धोका वाढतो.

माणसाला भीती मैल्यातल्या रोगजंतूंची. त्यातून हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरते. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. पाणी नितळ दिसले तरी जंतू असू शकतात.

म्हणून वस्तीत गेलो की आम्ही आयाबहिणींना एवढे सांगतो:

१. पाणी गाळा, खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या.

२. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. फेस, उग्र वास किंवा वेगळा रंग असलेले पाणी पिऊ नका.

३. जुलाब लागताच १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने १४ दिवस द्या.

४. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर थेट दवाखाना गाठा.

पण घरोघरी पाणी उकळून नदी सुधारत नाही. आणि रोज उकळायला लागणारा गॅस, सरपण गरिबाच्याच खिशातून जाते. सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडले पाहिजे. जलप्रदूषण रोखणारा कायदा १९७४ पासून आहे. आपल्या वस्तीचे गटार कुठे जाते, पाण्याची तपासणी कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा, उत्तर लेखी मागा. घाण पाणी सोडलेले दिसले तर तारीख, ठिकाण, फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्या, पोच घ्या.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्यावरचा आपला हक्क बजावला. ते पाणी शुद्ध मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. तो मागायला एकेकटे नको, मिळून जाऊ.

जयभीम!