रेनबोफिशचे प्रजनन आणि बाजारातील मिश्र माद्या

ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि लगतच्या काही बेटांवरील गोड्या पाण्यात राहणारे रेनबोफिश मेलानोटीनिडी या कुलातील असून, पाठीवर एकामागे एक असलेले दोन पर आणि दोन्ही बाजूंनी चपटे शरीर ही त्यांची ढोबळ ओळख होय. त्यांतील कित्येक जाती एकेका जलाशयापुरत्याच मर्यादित आहेत: बोसमनी पश्चिम पापुआतील आयामारू सरोवरांचा, तांबडा रेनबो जयापुराजवळच्या सेंतानी सरोवराचा, तर लाकुस्ट्रिस पापुआ न्यू गिनीतील कुतुबू सरोवराचा. निसर्गात ज्यांची कधी गाठच पडत नाही अशा या जाती एका टाकीत आल्या की त्यांचा सहज संकर होतो. त्यामुळे घरगुती पैदाशीत पाणी आणि खाद्य यांपेक्षा माद्यांची खात्री हाच अधिक अवघड प्रश्न ठरतो, आणि नेमके त्याविषयी विक्रेते मौन पाळतात.

१९८० साली शास्त्रीय वर्णन झालेल्या बोसमनीच्या नराचा पुढचा अर्धा भाग निळसर करडा आणि मागचा केशरी असतो. गिऱ्हाईक रंगाला भुलते, म्हणून व्यापाराचा ओढा आरंभापासून नरांकडेच राहिला आणि आयामारूतूनही एके काळी प्रामुख्याने नरच मोठ्या प्रमाणावर पकडले गेले. मादी मागितली की हाताशी असलेली कोणतीही रुपेरी मादी पिशवीत घालण्याची प्रथा याच ओढ्यातून बळावली असावी. प्रस्तुत लेखकाने पैदाशीसाठी मासे विकत घेताना ‘बोसमनी, नर-मादी’ असे बिलावर लिहून घेतले होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

नर अस्सल निघाले, अंडी मिळाली, पिलेही जगली. मात्र बोटाएवढी झाल्यावर त्यांच्या अंगावर निळ्या-केशरीची सीमा उमटण्याऐवजी मळकट पिवळसर छटा आणि कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा दिसू लागला. तोच पट्टा, अधिक फिकट, माद्यांच्या अंगावर होता. विचारणा केल्यावर विक्रेत्याने प्रथम खाद्याला, मग पाण्याला दोष दिला, आणि बिल पुढे ठेवताच “रेनबो तो रेनबो, पोहतोय ना?” असे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. खाद्याने रंग फिका वा गडद होतो, नवा पट्टा उगवत नाही, हे इतकी वर्षे मासे विकणाऱ्याला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

म्हणून दुकानात रेनबोच्या अनेक जाती एकाच टाकीत असतील, तर तेथून पैदाशीसाठी मासे घेऊ नयेत. शक्यतो पैदास करणाऱ्याकडे जाऊन नर आणि मादी दोन्ही पालक प्रत्यक्ष पाहावेत. दुकानातील पिले फिकी असतात व पुरता रंग भरण्यास कित्येक महिने जातात, तोवर अंडी गोळा करण्याची घाई करू नये. आयामारूचा परिसर चुनखडीचा असल्याने मुंबईच्या मृदू नळपाण्यात फिल्टरमध्ये कोरलच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवणे हितावह. टाकी लांब आणि झाकलेली असावी, कारण हे मासे उडी मारतात. पाणी नियमित बदलावे, संयम ठेवावा, वगैरे नेहमीचे आहेच.

अंड्यांना चिकट तंतू असतात व मादी ती दररोज थोडी थोडी घालते. त्यामुळे गडद हिरव्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचा झुपका टाकीत सोडून, रोज सकाळी तो पिळून उजेडासमोर धरावा. टाचणीच्या डोक्याएवढे पारदर्शक दाणे दिसल्यास झुपका वेगळ्या भांड्यात हलवावा आणि पांढरी पडलेली, म्हणजे बुरशी धरलेली, अंडी काढून टाकावीत. २५ ते २७ अंश सेल्सियस तापमानात साधारण आठवडा-दहा दिवसांत पिले बाहेर येतात. ती पृष्ठभागालगतच राहतात आणि त्यांचे तोंड इतके बारीक असते की नुकती फुटलेली आर्टेमियाही (खाऱ्या पाण्यातील चिमुकले कवचधारी जीव) त्यांना गिळता येत नाही. म्हणून आधी इन्फुसोरिया, म्हणजे साचल्या पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव, द्यावे लागतात, आणि बहुतेकांची पिले येथेच दगावतात.

संकरित पिले सुदृढ असतात, त्यांना मारण्याचे कारण नाही. मात्र ती विकू नयेत, विहिरीत वा तलावात सोडू नयेत आणि त्यांची अंडी वाढवू नयेत. उपरोक्त विक्रेत्याने पुढे हीच पिले निम्म्या भावाने परत घेण्याची तयारी दाखवली. ती कोणत्या नावाने विकली जाणार, याचे उत्तर त्याने दिले नाही आणि पिलेही त्याला दिली गेली नाहीत.