मांसल वनस्पतींची बियांपासून घरगुती पैदास

ज्या वनस्पती आपल्या पानांत, खोडांत अथवा मुळांत पाण्याचा साठा करून ठेवतात त्यांना मांसल वनस्पती असे म्हणतात. निवडुंग, कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब व भाजीची घोळ ही त्यांतील नित्य परिचयाची उदाहरणे होत. अलीकडे शहरांतून शोभेचे निवडुंग आणि अडेनियम, म्हणजे वाळवंटी गुलाब, यांस मागणी असते. घराच्या पडवीत थोड्या जागेत व अल्प पाण्यात ही रोपे तयार करता येतात. कमी पावसाच्या भागातील कुटुंबांना हा जोडधंदा म्हणून उपयोगी पडण्यासारखा आहे. परंतु त्याची पद्धत नीट समजून घेतल्याखेरीज त्यात पैसा घालू नये.

रोपाचा स्वभाव

यांतील बहुतेक वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात व रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कर्बवायू आत घेतात. त्यामुळे बाष्पीभवनाने होणारा पाण्याचा नाश पुष्कळ कमी होतो. मात्र नुकत्याच उगवलेल्या रोपाजवळ पाण्याचा साठा नसतो. त्याचे मूळ केसासारखे बारीक असून एका दुपारच्या कोरडेपणानेही ते करपते. याच्या उलट, मोठे झाड कोरडेपणा सहज सोसते पण साचलेल्या पाण्याने कुजते. लहानपणी ओलावा व मोठेपणी कोरडेपणा, हा क्रम ध्यानात ठेवावा. बहुतेकांची रोपे मरतात ती हा क्रम उलटा झाल्यामुळे.

बी कोणाचे पेरावे

प्रत्येक मांसल वनस्पती बियांपासून करण्याचे कारण नाही. कोरफडीची लागवड बुंध्याशी येणाऱ्या पिलांपासून करावी. पानफुटीचे एक पान जमिनीवर ठेविले तरी त्याच्या कडेस रोपे फुटतात. ड्रॅगन फ्रूटचे बी सहज उगवते, परंतु त्या झाडास फळ येण्यास बरीच वर्षे लागतात व फळ मातृवृक्षासारखे येईलच असा भरवसा नसतो. म्हणून फळबागेसाठी ड्रॅगन फ्रूटची फाटे कलमेच लावावीत. बियांची रोपे बागेसाठी कोणी देऊ केल्यास ती घेऊ नयेत.

अडेनियमची गोष्ट वेगळी आहे. या झाडाची किंमत त्याच्या फुगीर बुंध्यावर ठरते आणि तसा डौलदार बुंधा बियांच्या रोपासच चांगला येतो. फुलांचा रंग मात्र बियांतून तंतोतंत उतरत नाही. ठरावीक रंग पाहिजे असल्यास बियांच्या रोपावर त्या रंगाच्या फांदीचे कलम बांधावे लागते. जे गोल निवडुंग पिले देत नाहीत त्यांचीही पैदास मुख्यतः बियांपासूनच करावी लागते.

बी धरणे

अडेनियम हे कण्हेर व चाफा यांच्या कुळातील झाड होय. त्याच्या शेंगा शिंगांच्या जोडीसारख्या दिसतात. पक्व शेंग उकलली की दोन्ही टोकांस केसांचे झुबके असलेले बी वाऱ्यावर उडून जाते. म्हणून शेंग पिवळसर होण्यापूर्वीच तिला दोऱ्याचे सैल वेढे द्यावेत अथवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. बी सावलीत वाळवून शक्य तितक्या लवकर पेरावे, कारण जुने होईल तसतशी त्याची उगवणशक्ती घटते.

निवडुंगाचे पिकलेले फळ कापून गर पाण्यात चोळावा, तो कापडातून गाळून बी स्वच्छ धुवावे व कागदावर सुकवावे. गर राहिल्यास त्यावर बुरशी धरते.

माती व पेरणी

धुतलेली जाडी वाळू दोन भाग, चाळलेले पानांचे खत एक भाग व विटांचा बारीक चुरा एक भाग असे मिश्रण करावे. शेतातील काळी चिकण माती मुळीच वापरू नये. मिश्रण ओले करून झाकणाच्या भांड्यात सुमारे अर्धा तास वाफवावे व थंड होऊ द्यावे. यामुळे मातीतील बुरशी व तणाचे बी बहुतांशी मरते. पसरट कुंडी अथवा तळास भोके पाडलेला डबा पेरणीस चालतो.

पेरणीस फाल्गुन-चैत्राचा काळ चांगला. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उगवण उत्तम होते. अडेनियमचे बी आडवे ठेवून त्यावर अर्धा सेंटिमीटर वाळू पसरावी. ताजे बी बहुधा आठवडाभरात उगवते. निवडुंगाचे बी मोहरीहूनही बारीक असू शकते व त्यास उगवण्यास उजेड लागतो. म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती घालू नये. त्यास एक ते तीन आठवडे, क्वचित अधिकही, लागतात.

पाणी वरून ओतू नये. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवावी व वरची माती ओलसर दिसताच काढून घ्यावी. निवडुंगाच्या कुंडीवर काच किंवा पारदर्शक कागद झाकून ती उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवावी.

रोपांची मर

उगवलेली रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी होणे हा या कामातील मोठा शत्रू होय. दाट पेरणी, कोंदट हवा व सतत चिखल ही त्याची कारणे आहेत. बहुतेक बी उगवताच झाकण रोज थोडे अधिक उघडावे. मर दिसल्यास रोगट रोपे आसपासच्या मातीसह काढून टाकावीत व एक लिटर पाण्यात २.५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून ते द्रावण मातीत द्यावे.

अडेनियमच्या रोपास चार ते सहा पाने आल्यावर ते निराळ्या कुंडीत लावावे व क्रमाक्रमाने उन्हाची सवय करावी. निवडुंगाची रोपे एकमेकांस टेकू लागेपर्यंत हलवू नयेत. पावसाळ्यात कुंड्या आडोशास ठेवाव्यात.

चार सावधगिरीच्या गोष्टी

१. अडेनियमचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांस लावीत असत. मुले व शेळ्या यांपासून झाडे दूर ठेवावीत आणि छाटणीनंतर हात धुवावेत.

२. फड्या निवडुंगाचे बी बांधावर टाकू नये. परदेशातून आलेल्या या वनस्पतीने आपल्या देशात विस्तीर्ण जमीन व्यापली होती. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या एका कोचिनील किड्यामुळे तिला आळा बसला.

३. डोंगरावरील दुर्मिळ मांसल वनस्पती उपटून आणू नयेत. शिवनेरी, सज्जनगड अशा ठिकाणच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी निसर्गतः केवळ महाराष्ट्रातच आढळते. कड्यावरून गेलेले झाड पुनः तेथे येईलच असे नाही.

४. निळ्या वा सप्तरंगी निवडुंगाची चित्रे दाखवून विकले जाणारे बी घेऊ नये. परदेशी बियांस वनस्पती संगरोध आदेश, २००३ चे नियम लागू आहेत. परवान्याविना आलेल्या पाकिटाबरोबर नवीन रोगही येऊ शकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

प्रथम एका ड्रॅगन फ्रूटचे बी धुऊन गावात त्याचे प्रात्यक्षिक करावे. ते स्वस्त असून लवकर उगवते. प्रत्येक कुटुंबाने वीसच बिया मोजून पेराव्यात आणि उगवलेली व सहा आठवड्यांनी जगलेली रोपे निरनिराळी लिहून ठेवावीत. वीसांपैकी चौदा उगवली व सातच जगली, तर बी चांगले असून निगा कमी पडली असे समजावे. चारच उगवली, तर बियांचे वय व पेरणीची रीत तपासावी. बहुतेक रोपे जगविता येऊ लागल्यानंतर जवळच्या रोपवाटिकेत अथवा बाजारात भावाची चौकशी करावी व मगच कुंड्यांची संख्या वाढवावी. विक्रीलायक रोप होण्यास एक ते दोन वर्षे लागतात. म्हणून कर्ज काढून हे काम आरंभू नये.