बादलींतील लाट

विहिरीवरून कांठोकांठ भरलेली बादली आणतांना निम्म्या वाटेंतच पाय भिजतात. वडील मंडळी आपणांस धांदरट म्हणतात. परंतु दोष सर्वस्वीं आपला नाहीं, हें येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

भांड्यांतील पाण्यास लंबकाप्रमाणें स्वतःचा ठरलेला झोका असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोल बादलींतील लाट एका कडेकडून दुसरीकडे जाऊन परत येण्यास सुमारें ०.५७ सेकंद लागतो. चालतांना आपण दर सेकंदास सुमारें दोन पावलें टाकितों. म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. हे दोन काल इतके जवळ आहेत, कीं झोपाळ्यास वेळेवर दिलेल्या धक्क्यांप्रमाणें प्रत्येक पावलानें लाट चढत जाते.

उपाय सोपा आहे. पावलांची गति बदलावी, अथवा पाण्यावर लांकडाची पातळ चकती तरंगत ठेवावी. तिच्याशीं होणाऱ्या घर्षणांत लाटेची शक्ति खर्च होते. मोठ्या टाक्यांत याच हेतूनें आडवे पडदे बसवितात. २१ मार्च २००७ रोजीं अमेरिकेचा फाल्कन १ हा अग्निबाण आकाशांत झेपावला. पण त्याच्या दुसऱ्या टप्प्यांतील द्रवरूप प्राणवायु हिंदकळूं लागला, बाण डोलूं लागला व कक्षेंत पोहोंचला नाहीं. त्या टाकींत लाटा मोडणारे पडदे नव्हते!

हें झालें ताठ भांड्यांविषयीं. रबरी पिशवींत किंवा कातडी पखालींत भिंतहि दबते व पुन्हां उसळते. पाणी भिंतीस हालविते, भिंत पाण्यास. तेथें दोघांचा झोका एकत्र मोजावा लागतो.

पाण्यास आणखी एक बळ आहे, तें पृष्ठताणाचें. तेलकट बोटानें पुसलेली सुई पाण्यावर अलगद आडवी ठेवा, ती तरंगेल. साबणाचें थोडें पाणी सोडतांच ती बुडेल, कारण साबणानें तो ताण कमी होतो. बादलींत हें बळ गुरुत्वापुढें फिकें पडतें. कांठाशीं कांहीं मिलिमीटर पाणी वर चढवावें, एवढीच त्याची सत्ता. मात्र अंतराळयानांत, जेथें वजन जाणवत नाहीं, तेथें तेंच राजा होतें. टाकींतील पातळ पट्ट्यांच्या आधारें तें इंधनास नळीच्या तोंडाशीं आणून ठेवितें.

मित्रहो, उद्यां बादली उचलाल तेव्हां पावलांची गति बदलून पाहा. विज्ञानाची पहिली प्रयोगशाळा आपल्या हातींच आहे.